क्रीमच्या मागची घटकांची यादी कशी वाचायची? आईच्या पायांसाठी दोनपैकी कोणतं घेऊ?

द्राक्षबाग
मंडळी, जरा मदत हवीये. आई ६८ वर्षांची आहे, आम्ही निफाडजवळ राहतो, इथली थंडी सगळ्यांना माहितीच आहे, दरवर्षी पेपरात पारा किती उतरला ते येतंच. दिवाळी झाली की तिच्या नडग्या इतक्या कोरड्या पडतात की नखाने नुसती रेघ ओढली तरी पांढरी उमटते, आणि रात्री झोपेत खाजवते, सकाळी बघावं तर चादरीवर रक्ताचे ठिपके. खोबरेल लावते पण ते गाऊनला पुसलं जातं, दुपारपर्यंत परत तसंच. आता घरात दोन क्रीम येऊन पडलीयेत आणि त्यावरून दोन पक्ष झालेत.

पहिलं मेडिकलमधून आणलंय, १०० ग्रॅम, २४० रुपये, साधी पांढरी ट्यूब. मागे लिहिलंय: पाणी, लाइट लिक्विड पॅराफिन, ग्लिसरिन, सेटोस्टिअरिल अल्कोहोल, व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, ग्लिसरिल स्टिअरेट, पीईजी-१०० स्टिअरेट, डायमेथिकोन, फिनॉक्सिइथेनॉल, कार्बोमर, टोकोफेरिल अ‍ॅसिटेट, डायसोडियम ईडीटीए, सोडियम हायड्रॉक्साइड.

दुसरं वहिनीने ऑनलाइन मागवलंय, ५० ग्रॅम, ७९९ रुपये, काचेची सुंदर बरणी. पुढे मोठ्या अक्षरात सेरामाइड, हायल्युरॉनिक, केशर, शिया बटर आणि "केमिकल फ्री". मागे: पाणी, कोरफडीचा रस, ऑलिव्ह ऑइल, सेटिरिल अल्कोहोल, ग्लिसरिन, ग्लिसरिल स्टिअरेट, फिनॉक्सिइथेनॉल, झँथन गम, शिया बटर, सोडियम हायल्युरोनेट, सेरामाइड एनपी, केशर अर्क, लॅव्हेंडर ऑइल, परफ्यूम, लिनालूल, लिमोनीन, सायट्रल.

वहिनी म्हणते पॅराफिन म्हणजे पेट्रोलचा गाळ, त्याने कॅन्सर होतो, आणि वर दोन्हीत अल्कोहोल पण आहे ज्याने त्वचा अजून सुकेल. मेडिकलवाले दादा म्हणतात डोळे झाकून पहिलं घ्या. मला डोळे झाकून नकोय, मला समजून घ्यायचंय. कोणी या यादीचा अर्थ नीट सांगाल का?

क्रीमबॅच
मी बरीच वर्षं कॉस्मेटिक बनवणाऱ्या कारखान्यात फॉर्म्युलेशनचं, म्हणजे कुठला घटक किती घालायचा ते ठरवण्याचं काम करतोय, तुम्ही सांगितलेल्या दोन्ही कंपन्यांशी माझा संबंध नाही. दोन्ही याद्या अक्षर न् अक्षर टाइप केल्यात ते फार बरं केलंत, कारण लोक सहसा डब्याच्या पुढचाच फोटो टाकतात आणि विचारतात कसं आहे, त्यावर काय सांगणार.

सगळ्यात आधी क्रम. आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे जे जास्त ते आधी. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, पण ते कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतं. आणि मेख इथेच आहे. १ टक्क्याची रेघ कुठे पडते हे कंपनी सांगत नाही, पण आपण अंदाज बांधू शकतो. फिनॉक्सिइथेनॉल शोधा. ते प्रिझर्व्हेटिव्ह आहे, म्हणजे क्रीममध्ये जंतू-बुरशी वाढू न देणारा पदार्थ, युरोपच्या नियमात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे, आणि फॉर्म्युलेशनवाले साधारण त्याच्या आतच राहतात. म्हणजे त्याच्यानंतर जे काही लिहिलंय ते सगळं १ टक्का किंवा त्याहून कमीच.

आता बरणीवाल्या क्रीमकडे परत बघा. पुढच्या बाजूला ज्यांची नावं मोठ्या अक्षरात आहेत ते शिया बटर, हायल्युरोनेट, सेरामाइड, केशर हे चौघंही फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे उभे आहेत. यातल्या हायल्युरोनेट आणि सेरामाइडबद्दल मी लगेच वाईट बोलणार नाही, कारण ते तसेही थोड्याच प्रमाणात घालतात, चांगल्या क्रीममध्येही यादीच्या शेवटाकडेच दिसतात. पण शिया बटर हे स्निग्ध द्रव्य आहे, ते १ टक्क्याच्या आत घालून पायाच्या कातडीला काय मिळणार? केशर तर नावापुरतंच. खरं काम करणारं त्या बरणीत जे आहे ते ऑलिव्ह ऑइल, सेटिरिल अल्कोहोल आणि ग्लिसरिन. बाकीच्याचे पैसे तुम्ही डब्याच्या पुढच्या बाजूला देताय.

मॉइश्चरायझरची तीन कामं असतात. पाणी ओढून धरणं, ते ग्लिसरिन, युरिया, हायल्युरोनेट, पॅन्थेनॉल वगैरे करतात. वरच्या थरातल्या पेशींच्या फटी भरून कातडी मऊ करणं, ते तेलं, शिया बटर आणि सेटिरिल अल्कोहोलसारखे पदार्थ. आणि तिसरं, वरून झाकण घालणं म्हणजे आतलं पाणी उडून जाणार नाही, ते पॅराफिन, पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, मेण. मुंबईत किंवा रत्नागिरीत तिसरं काम थोडं कमी असलं तरी भागतं, हवेतच ओल असते. निफाडच्या जानेवारीत नाही भागत. तुमच्या ट्यूबमध्ये तिन्ही आहेत आणि तिन्ही पहिल्या आठांत आहेत. बरणीत झाकणाचं काम करणारं जवळजवळ काही नाही.

अल्कोहोलचं घाबरू नका. सेटिरिल, सेटाइल, सेटोस्टिअरिल, स्टिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे घट्ट पांढरे गोळे असतात, क्रीमला घट्टपणा त्यानेच येतो, ते उडून जात नाहीत आणि कोरडेपणाही आणत नाहीत. ज्याला बघून थांबायचं ते अल्कोहोल डिनॅट, इथेनॉल, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि तेही यादीत वरच्या बाजूला असेल तर.

पॅराफिनचं वहिनींना असं सांगा. ते पेट्रोलियमपासूनच येतं हे खरं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण कॅन्सरचा मुद्दा कच्च्या किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलाचा आहे, जे कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्यांच्या अंगाला वर्षानुवर्षं लागायचं. जागतिक आरोग्य संघटनेची जी कॅन्सर संशोधन संस्था आहे तिने त्याला गट १ मध्ये टाकलंय. पूर्ण शुद्ध केलेलं तेल त्याच संस्थेने गट ३ मध्ये ठेवलंय, म्हणजे त्याने माणसाला कॅन्सर होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. औषधी ट्यूबवर पॅराफिनच्या पुढे आय.पी. लिहिलेलं असेल तर तो भारतीय फार्माकोपियाचा, म्हणजे औषधांच्या शुद्धतेचे निकष ठरवणाऱ्या सरकारी ग्रंथाचा दर्जा. तुमच्या ट्यूबवर आहे का बघा.

द्राक्षबाग
बाप रे किती नीट सांगितलंत, खूप आभार. हो, दोन्ही पॅराफिनपुढे आय.पी. आहे. वहिनीला वाचून दाखवलं, ती म्हणते बरं, कॅन्सरचं ठीक आहे पण ऑलिव्ह ऑइल तर चांगलंच ना, लहान बाळांना पण लावतात.

ओपीडीनंतर
मी त्वचारोग विभागात रेसिडेंट आहे, थंडीत ओपीडीत निम्म्या आजी-आजोबांचे पाय असेच असतात म्हणून लिहितेय.

ऑलिव्ह ऑइलचं आधी. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक छोटा अभ्यास छापला होता, मोठ्या माणसांच्या हातावर काही आठवडे रोज ऑलिव्ह ऑइलचे थेंब लावले तर त्वचेचा संरक्षक थर कमजोर झाला आणि थोडी लाली आली, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. कारण ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल खूप, आणि ते त्या थरातली स्निग्ध द्रव्यं विस्कटतं. सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल जास्त, ते त्वचेच्या कामाचं. अर्थात क्रीममध्ये मिसळलेलं तेल आणि नुसतं तेल यात फरक आहे, त्यामुळे मी त्या बरणीला विष म्हणणार नाही. पण ज्या पायांवर आधीच खाजवून ओरखडे आहेत तिथे मी ऑलिव्ह निवडणार नाही.

मला त्या बरणीत खटकतंय ते शेवटचं टोक. लॅव्हेंडर ऑइल, परफ्यूम, लिनालूल, लिमोनीन, सायट्रल. शेवटचे तीन वेगळे घातलेलेच असतील असं नाही, ते बहुतेक त्या लॅव्हेंडरमधले आणि परफ्यूममधलेच आहेत, युरोपात त्यांची नावं वेगळी लिहावी लागतात कारण त्यांनी अ‍ॅलर्जी येणारे लोक बरेच आहेत. अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असले की लिहायचेच, इतकी कमी मर्यादा ठेवलीये यावरून समजा. सुगंध नैसर्गिक आहे म्हणून त्वचा त्याला माफ करत नाही. चिरलेल्या, खाजवलेल्या कातडीतून असले पदार्थ आत जातात आणि एकदा अ‍ॅलर्जी बसली की ती आयुष्यभर सोबत राहते, मग साबण, पावडर, अगरबत्तीपर्यंत सगळं जपावं लागतं. आईंच्या वयात ही जोखीम कशाला घ्यायची? आणि "अनसेंटेड" लिहिलं असलं तरी मागे वाचाच, कधीकधी बेसचा वास मारायला सुगंधी द्रव्य घातलेलं असतं.

अजून दोन नावं लक्षात ठेवा, तुमच्या यादीत नाहीत पण पुढे कधी दुसरं काही घेताना कामी येतील. मिथाइलआयसोथायाझोलिनोन, लांबलचक नाव आहे, तेही प्रिझर्व्हेटिव्ह. त्याच्या अ‍ॅलर्जी इतक्या वाढल्या की युरोपने २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये ते बंद केलं. आणि सोडियम लॉरिल सल्फेट. ते शाम्पूत धुवून जातं, पण इंग्लंडमध्ये अ‍ॅक्वस क्रीम नावाचं जुनं साधं क्रीम मिळतं त्यात ते असतं, आणि तिथल्या औषध नियामकाने २०१३ मध्ये सूचना काढली होती की एक्झिमावाल्या (खाजरा, लाल चट्ट्यांचा त्वचाविकार असलेल्या) मुलांना ते लावून ठेवलं की जळजळ होऊ शकते. लावून ठेवायच्या क्रीममध्ये ते दिसलं तर दुसरं घ्या.

आता क्रीमपेक्षा महत्त्वाचं. एवढी खाज, रात्रीची, रक्त येईपर्यंत, तीही ६८ व्या वर्षी, ती नुसती कोरडेपणाची आहे हे घरबसल्या ठरवू नका. साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), थायरॉइड, हिमोग्लोबिन एवढं एकदा तपासून घ्या. आणि घरात अजून कोणाला रात्री खाज येतेय का, बोटांच्या बेचक्यात, कमरेला? असेल तर ती खरूज असू शकते आणि ती कुठल्याच मॉइश्चरायझरने जाणार नाही. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडची ट्यूब मात्र आणू नका, खाज दोन दिवसात थांबते म्हणून लोक लावत राहतात आणि आधीच पातळ झालेली कातडी अजून पातळ होते. मागे कुठे क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन दिसलं तर ते मॉइश्चरायझर नव्हेच.

कुडाळची
सगळं वाचलं, छान माहिती. पण एवढी केमिकल्सची नावं लावायचीच कशाला असं मला वाटतं. आमच्याकडे सिंधुदुर्गात टाचांना भेगा पडल्या की मुठेल गरम करून लावतात, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, आजी लावायची, आई लावते, मीही लावते, सकाळी भेग मिटलेली नाही तरी दुखायची थांबलेली असते. आणि शतधौत घृत आहे, तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं आणि पाणी घालून घालून शंभर वेळा फेटून धुवायचं, शेवटी लोण्यापेक्षा पांढरं आणि हलकं होतं, तुपाचा वासही जातो. त्यात फक्त तूप आणि पाणी. मी एका आयुर्वेदिक कंपनीचं तसंच क्रीम घेते, त्यावर फक्त पाच घटक लिहिलेत, कोरफड, चंदन, मंजिष्ठा, हळद, आणि बेस क्यू.एस. याच्यापेक्षा साधं काय असणार?

क्रीमबॅच
ताई, मुठेल उत्तमच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. लेबलवर गार्सिनिया इंडिका सीड बटर म्हणून जे येतं ते हेच, आणि आम्ही ते मुद्दाम वापरतो कारण ते साध्या तापमानाला घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेने वितळतं. टाचेला, कोपराला रात्री लावून झोपायला फार चांगलं. त्यात पाणीच नाही म्हणून प्रिझर्व्हेटिव्हही लागत नाही.

शतधौत घृताची गोष्ट वेगळी आहे. शंभर वेळा धुतल्यावर त्यात पाणी अडकून राहतं, म्हणूनच ते इतकं हलकं लागतं. जिथे पाणी तिथे बुरशी आणि जंतू. घरी थोडंसं करा, कोरड्या चमच्याने काढा, फ्रीजमध्ये ठेवा, लवकर संपवा, काही हरकत नाही. पण सहा महिने बाहेर टिकणारं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं आणि पाणी असलेलं क्रीम कोणी विकत असेल तर मी ते माझ्या घरी आणणार नाही, मग त्यावर काहीही लिहिलेलं असो.

आणि "बेस क्यू.एस." म्हणजे पुरेसा बेस. हे मला मनापासून सांगावंसं वाटतं कारण इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. आयुर्वेदिक लायसन्सखाली निघणाऱ्या मालाचं लेबल बऱ्याचदा असं असतं की दहा ग्रॅममध्ये अमुक वनस्पती इतक्या मिलिग्रॅम, आणि उरलेला क्रीम बेस क्यू.एस. त्या मिलिग्रॅमची बेरीज करून बघा, बहुतेक वेळा दहा ग्रॅममधले एक-दीड ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. उरलेले साडेआठ-नऊ ग्रॅम काय आहे? तेच पाणी, तेच सेटोस्टिअरिल अल्कोहोल, तेच लिक्विड पॅराफिन, सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह. ते वाईट असतं असं मी म्हणत नाही, पण ते तुम्हाला वाचताच येत नाही. तुमचे पाच घटक म्हणजे पाच घटक नाहीत, चार घटक आणि एक बंद पेटी आहे. ज्याला कशाचीतरी अ‍ॅलर्जी आहे त्याने काय बघून ठरवायचं? मोठी यादी बघून घाबरण्यापेक्षा पूर्ण यादी दिलीये याचं बरं वाटायला हवं.

रात्रपाळी२२
पॅराबेन नावाच्या प्रिझर्व्हेटिव्हबद्दल कोणीच बोललं नाही. मी तर पॅराबेन फ्री असेल तरच घेतो. ते हार्मोन्सवर परिणाम करतात ना?

ओपीडीनंतर
सगळे पॅराबेन एका पिशवीत भरू नका. युरोपने २०१४ मध्ये आयसोप्रोपाइल, आयसोब्युटाइल असे पाच प्रकार पूर्ण बंद केले आणि प्रोपाइल-ब्युटाइलची मर्यादा ०.१४ टक्क्यावर आणली. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन ०.४ टक्क्यापर्यंत अजून चालतात. आणि अ‍ॅलर्जीच्या बाजूने बघाल तर पॅराबेन सगळ्यात शांत प्रिझर्व्हेटिव्हपैकी आहेत, इतके की अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसवाल्या (त्वचेला काही लागून होणारी अ‍ॅलर्जी-जळजळ बघणाऱ्या) डॉक्टरांच्या संस्थेने २०१९ मध्ये त्यांना मुद्दाम "नॉन-अ‍ॅलर्जन ऑफ द इयर" म्हटलं. वर मी ज्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनबद्दल लिहिलं त्याला त्याच संस्थेने २०१३ मध्ये "अ‍ॅलर्जन ऑफ द इयर" केलं होतं. लोक पॅराबेन नको म्हणाले, कंपन्यांनी दुसरी प्रिझर्व्हेटिव्ह घातली, आणि त्यातल्या काहींनी जास्त लोकांना त्रास दिला. तुम्हाला नकोच असतील तर नका घेऊ, पण त्याच्या जागी काय घातलंय तेही वाचा.

द्राक्षबाग
पॅथॉलॉजीवाल्याला सकाळी घरी बोलावलंय, उपाशीपोटी रक्त घ्यायला. खाज घरात दुसऱ्या कोणाला नाही, तेवढं बरं. अजून एक विचारते, ट्यूबच लावायची ठरवली तर किती आणि कधी? आणि युरियावालं क्रीम पण सुचवलंय एकांनी, ते कसं?

ओपीडीनंतर
युरिया चांगला आहे पण आत्ता नको. १० टक्क्यापर्यंत तो पाणी धरून ठेवतो, २० च्या पुढे गेला की जाड कातडी सोलायला लागतो, म्हणून टाचेच्या क्रीममध्ये जास्त असतो. ओरखड्यांवर लावलात तर आई ओरडतील इतकं झोंबेल. आधी साध्या क्रीमने जखमा भरू द्या, मग नडग्यांना १० टक्केवालं चालेल. साखर वाढलेली निघाली तर पायाला युरिया डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही.

किती लावायचं ते बोटाच्या पेरावर मोजा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. एका अख्ख्या पायाला अशी सहा लागतात, गुडघ्याखालच्या भागाला तीन धरा. म्हणजे दोन्ही नडग्यांना एका वेळी तीन ग्रॅम, दिवसातून दोनदा सहा ग्रॅम. बहुतेक लोक याच्या पाव भागही लावत नाहीत आणि क्रीमचा गुण नाही म्हणतात. आता किंमत बघा, बरणीवालं १६ रुपये ग्रॅम, रोजचे ९६ रुपये, आठ दिवसांत बरणी खलास. ट्यूबवालं रोज साधारण साडेचौदा रुपये. कोरड्या पायांना महाग क्रीम जपून जपून लावण्यापेक्षा स्वस्त क्रीम भरपूर लावलेलं कधीही बरं.

आंघोळ कोमट पाण्याने, कढत नको हे तिला प्रेमाने समजवा कारण थंडीत ते कोणालाच पटत नाही. पायाला रोज साबण नको, साध्या वडीचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० असतो आणि आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. टॉवेलने टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच लावायचं, केस ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने वरून खाली. दुसरी वेळ झोपायच्या आधी.

क्रीमबॅच
एक राहिलंच आणि ते आईंच्या बाबतीत खरंच महत्त्वाचं आहे. पॅराफिनची किंवा कुठलीही तेलकट क्रीमं रोज लावली की कपड्यात, चादरीत मुरतात, आणि असं कापड ठिणगी लागली तर साध्या कापडापेक्षा लवकर पेटतं. इंग्लंडमध्ये यामुळे माणसं दगावलीत, तिथल्या नियामकाने २०१८ मध्ये ट्यूबवर तशी सूचना छापायला सांगितली, आणि फक्त पॅराफिनवाल्याच नाही, सगळ्याच अशा क्रीमवर. क्रीम स्वतः पेट घेत नाही, भिजलेलं कापड घेतं. आपल्या घरात आई सकाळी आंघोळ करून क्रीम लावून गाऊनमध्ये देवासमोर समई लावायला बसते, मग गॅसपाशी जाते, थंडीत शेकोटीपाशी पण बसते. म्हणून गाऊन आणि चादरी वारंवार गरम पाण्यात धुवा, धुतल्यावरही थोडं राहतंच हे धरून चाला, आणि क्रीम लावलेलं असताना किंवा क्रीम मुरलेल्या कपड्यांत आगीपाशी नको. समई तुम्ही लावून द्या हवं तर.

आणि पायाला लावून लगेच बाथरूमकडे जायचं नाही, फरशीवर पाय सटकतो. सुती मोजे घालायला लावा.

द्राक्षबाग
आमच्याकडे शेकोटी रोज असते आणि ती अगदी जवळ बसते! हे कोणीच सांगितलं नव्हतं. बसायची जागा आजच लांब केली. मोजे आहेत. बरणी वहिनीलाच परत दिली, ती हाताला लावणार म्हणते, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून काही दिवस बघ म्हटलंय तिला. रिपोर्ट आले की इथेच लिहिते.